नांगर आणि माळ

मंडळी हो, आम्ही पुण्याच्या कसबा पेठेत राहतो. पुण्यातली ही सर्वांत जुनी वस्ती. पुणे उजाड झाले होते, तेव्हा जिजाबाईंनी बाल शिवबाच्या हातून येथे सोन्याचा नांगर फिरवला, असे सांगतात. गाव पुन्हा वसले. म्हणून नांगराला आपण हात जोडतो. ते योग्यच आहे. पण सगळीच जमीन नांगरासाठी नसते. काही जमीन गवतासाठी असते. आज तिच्याविषयी बोलू.

आम्ही शाळेत होतो तेव्हाची एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात मुले घेऊन आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. खड्डे खणले, झाडे लावली. तेथे एक म्हातारा धनगर मेंढरे चारीत होता. तो म्हणाला, “गुरुजी, हितं कशापायी झाडं लावता?”

आम्ही म्हणालो, “बाबा, पडीक जमीन आहे. हिरवी करतो.”

तो हसला. “पडीक? ह्या पडीकावर माझी मेंढरं जगत्यात की!”

आम्हांला उत्तर सुचले नाही. उन्हाळ्यात ती झाडे बहुतेक वाळली. पुढे आम्ही या विषयाची पुस्तके वाचली. म्हाताऱ्याचेच खरे होते.

माळ कसा होतो? पावसाचे ढग समुद्राकडून येतात. सह्याद्री त्यांना अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास पडतो. बारामती-इंदापूरकडे त्याहून कमी. एवढ्या पावसावर, मुरमाड जमिनीत, दाट रान वाढत नाही. गवत वाढते. मारवेल, पवन्या, कुसळी तुम्ही आमच्यापेक्षा चांगली ओळखता. गवत बुडातून वाढते. म्हणून जनावराने शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा फुटते. त्याची मुळे जाळ्यासारखी माती धरून ठेवतात.

असे माळ जगभर आहेत. आफ्रिकेत सॅव्हाना, मंगोलियात स्टेप, दक्षिण अमेरिकेत पंपास, उत्तर अमेरिकेत प्रेअरी. नावे निराळी, पण गवत आणि त्यावर जगणारी जनावरे सगळीकडे.

त्या प्रेअरीची हकिगत ऐका. गव्हाला भाव आला. लोकांनी लाखो एकर गवत नांगरून टाकले. १९३० नंतर पावसाने दगा दिला. पिके वाळली. माती धरायला मुळे उरली नव्हती. वारा सुटला आणि माती उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीने भरदिवसा अंधार केला. पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून निघाली. मग तेथील सरकारला ठिकठिकाणी पुन्हा गवत पेरावे लागले.

आपल्याकडेही माळ तुटत आहे. त्याच्याबरोबर त्यावरचे जीवही जातात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. त्याला उघडे गवत लागते. आज तेथे तो क्वचितच दिसतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. तेथे चिंकारा चरतो. माळावर लांडगा आणि खोकड फिरतात. चंडोल तर जमिनीवरच घरटे करतो. लांडगा कधी मेंढरू नेतो, हे खरे. पण विष घालू नका. लगेच वनखात्याला कळवा. नुकसानीची भरपाई मिळू शकते.

मग आपण काय करावे? पावसाळ्यात गायरानाचा एक तुकडा चराईला बंद ठेवा. बी पिकून गळले, की मग गवत कापा. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा राखा. झाडे जरूर लावा. पण ती बांधावर, ओढ्याकाठी, घरापाशी लावा. चांगल्या माळावर खड्डे खणू नका.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्या नावाने ठरवले. आमचा म्हातारा जे माळावर बोलला, ते जगाने मानले.

आता शेवटचे. तुम्ही नुकते वाचायला शिकला आहात. गायरानाचा ठराव ग्रामसभेत येईल, तेव्हा तो स्वतः वाचा. त्यात ‘पडीक’ हा शब्द दिसला, तर उभे राहून विचारा, “येथे कोणाची जनावरे चरतात?” उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.