बँकेचा वकील, आपलं घर

घर घेताना आपण ज्या एका वाक्यावर सगळ्यात जास्त विसंबतो, त्या वाक्याविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे. ते वाक्य असं : 'बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद स्वच्छच असणार.' आमच्या मावळात हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय, पुण्याच्या लोकलमध्ये ऐकलंय आणि शहाणपणानं दुसऱ्यांना सांगितलंही आहे. 2013 साली माझ्या आईनं त्यातली खोट मला दाखवली.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. तुम्ही गृहकर्जाचा अर्ज करता. मिळकतीचे कागद बँकेचा साहेब स्वतः तपासत नाही. बँकेकडे मान्यताप्राप्त वकिलांची यादी असते, तिला 'पॅनेल' म्हणतात. त्यातल्या एका वकिलाकडे तुमची फाईल जाते. तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या सूची क्रमांक 2 मध्ये साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. गावातली जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार, लोणावळा शहरातली मिळकत असेल तर मिळकत पत्रिका, शिवाय बिनशेतीचा आदेश आणि बांधकामाची परवानगी पाहतो. मग तो 'सर्च रिपोर्ट' देतो. त्याची फी आपल्याकडून घेतली जाते, पण रिपोर्ट असतो बँकेच्या नावे. पुष्कळांना तो वाचायलासुद्धा मिळत नाही.

पहिली गफलत इथंच होते. पैसे आपण दिले, म्हणून वकील आपला असं वाटतं. तो बँकेचा असतो. 'या कुटुंबानं हे घर घ्यावं का?' असं त्याला कुणी विचारलेलं नसतं. 'या मिळकतीच्या तारणावर कर्ज द्यावं का?' एवढंच विचारलेलं असतं. बँकेच्या हातात घराशिवाय तुमचा पगार असतो, जामीनदार असतो, तुमच्या सह्यांचे कागद असतात. तुमच्या हातात मात्र फक्त घर असतं.

कायद्याची तऱ्हाही ऐका. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आहे. त्याच्या कलम 65 प्रमाणे, गहाण ठेवणाऱ्यानं 'या मिळकतीवर माझा हक्क आहे' अशी हमी सावकाराला दिली, असं धरलं जातं. म्हणजे रिपोर्ट बँकेच्या वकिलाचा, पण हक्क निर्वेध असल्याची हमी देणारे तुम्ही. उद्या हक्कात खोट निघाली तरी हप्ता थांबत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. 2013 च्या पावसाळ्यात एक तरुण जोडपं आमच्या लोणावळ्याच्या घरी आलं. नवरा तळेगावच्या कारखान्यात नोकरीला, कडेवर लहान मुलगी. हातात चिक्कीचा पुडा होता. लोणावळेकराच्या घरी चिक्की घेऊन येणारा माणूस फार गोंधळलेला असतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

आदल्या वर्षी त्यांनी कामशेतजवळ एक छोटं रो-हाऊस घेतलं होतं. बँकेनं कर्ज दिलं होतं, पॅनेलवरच्या पुण्याच्या वकिलाचा रिपोर्ट स्वच्छ होता. पुढं दुसऱ्या बँकेचं व्याज कमी दिसलं, म्हणून कर्ज तिकडं न्यायचं ठरलं. दुसऱ्या बँकेचं पॅनेल वेगळं. तिथला वकील वडगावचा, त्याचे वडील कचेरीबाहेर दस्त लिहायचे. त्यानं गट नंबर पाहिला आणि विचारलं, "या मूळ मालकाला एक मुलगी होती. लोणावळ्यात दिलेली. तिची सही कुठं आहे?"

ती मुलगी म्हणजे माझी अम्मी.

माझे नाना 1978 साली वारले. नानी त्यांच्याआधीच गेल्या होत्या. 1979 साली वारसनोंदीचा फेरफार झाला, त्यात माझ्या दोन मामूंची नावं लागली. बहिणीचं राहिलं, की ठेवलं, हे आता विचारण्यात अर्थ नाही. आमच्यात बहिणीला भावाच्या निम्मा वाटा असतो. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे अम्मीचा वाटा एक पंचमांश. तिनं तो कधी मागितला नाही, तिला कुणी विचारलंही नाही. 1994 साली मामूंनी जमीन विकली. 2002 साली एक्स्प्रेस वे पूर्ण झाल्यावर इकडचे भाव चढले. जमीन हातोहात फिरली, बिनशेती झाली, घरं उभी राहिली.

पहिल्या वकिलानं 2012 साली तीस वर्षं मागं पाहिलं, म्हणजे 1982 पर्यंत. अम्मीचं नाव गळलं होतं त्याच्या तीन वर्षं आधी. त्यानं चूक केली असं मी म्हणणार नाही. जे नाव कुठं लिहिलेलंच नाही, ते सूचीत दिसणार कसं? ते गावात विचारल्यावर कळतं. पण गावात जाऊन विचारा, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अम्मी खाटेवर बसून सगळं ऐकत होती. त्या मुलीनं हात जोडून सांगितलं, "आजी, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. वकिलानं सगळं बघितलं होतं."

अम्मीनं विचारलं, "कुणाचा वकील?"

"बँकेचा."

"मग तुमचा कोण होता?"

दोघंही गप्प झाली. मीही गप्प होतो, कारण घर घेताना माझाही कुणी नव्हता.

वडगावच्या वकिलानं त्यांना सरळ सांगितलं होतं : तुमच्या बाईंचा दावा इतक्या वर्षांनी टिकेल की नाही हे कोर्ट ठरवील, पण तोवर बँक थांबणार. त्यांचं मान्यतापत्र आणा. आणि ते माझ्याकडून करून घेऊ नका, मी बँकेचा आहे. तेव्हा कुठं त्या दोघांनी पहिल्यांदा स्वतःचा वकील केला. त्यानं मसुदा केला, मी तो अम्मीला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं : 'सदर मिळकतीत लिहून देणार यांचा कोणताही हक्क नव्हता व नाही.' मी म्हणालो, "अम्मी, ठीक आहे. सही कर."

अम्मी म्हणाली, "नव्हता, असं मी का लिहून देऊ? होता, म्हणून तर ही पोरं आली. होता, तो मी सोडते, असं लिहा."

मी बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. चौथी शिकलेल्या माझ्या आईला एका शब्दातला जो फरक कळला, तो मला कळला नव्हता. मसुदा बदलला. ती कुणाची मुलगी, हे वंशावळीसकट लिहिलं गेलं. वडगावला जाऊन तिनं सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. त्या पोरांकडून एक पैसा घेतला नाही. नानांच्या जमिनीच्या कागदावर तिचं नाव पस्तीस वर्षांनी आलं, ते हक्क सोडताना आलं.

सगळ्यांची आई असं म्हणेल, असं नाही. म्हणायला हवं असंही नाही. दुसरी एखादी बहीण कोर्टात गेली असती, आणि तिचंही चुकलं नसतं.

आता वकिलांची बाजूही ऐकली पाहिजे. पॅनेलवरच्या वकिलाची फी बँक ठरवते. एका रिपोर्टमागं काही हजार रुपये आणि दोन-चार दिवसांची मुदत. उशीर झाला तर पुढची फाईल दुसऱ्याकडं जाते. डोक्यावर टांगती तलवार असते ती वेगळीच. फसवणुकीच्या प्रकरणांत सापडणारे वकील, मूल्यांकनकार यांची नावं भारतीय बँक संघाला कळवा, असं रिझर्व्ह बँकेनं 2009 साली बँकांना सांगितलं. हैदराबादमधल्या गृहकर्जांच्या एका प्रकरणात तर पॅनेलवरच्या वकिलाला सीबीआयनं आरोपी केलं. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली त्याला त्यातून मोकळं केलं. मत चुकलं म्हणून वकील गुन्हेगार होत नाही, कटात हात असल्याचा पुरावा हवा, निष्काळजीपणा असेल तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रश्न, असं न्यायालय म्हणालं. निकाल न्याय्यच आहे. पण भीती उरते, आणि मग रिपोर्टमध्ये वाक्यं येतात : 'सूचीची काही पानं फाटलेली असल्यानं त्यास अधीन राहून', 'दिलेल्या छायाप्रतींवर विसंबून'. वाक्यं खरी असतात, पण त्यांतून घर घेणाऱ्याला काही कळत नाही.

आणि जो पॅनेलवर नाही, त्याचं काय? वडगावला, लोणावळ्याला असे वकील आहेत, ज्यांना कुठल्या गटात कुणाचा वाद आहे, कुठली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, हे तोंडपाठ आहे. गिऱ्हाईक त्यांच्याकडं येतं आणि म्हणतं, "बँकेचा वकील बघणारच आहे, तुम्हाला वेगळी फी कशाला?" असं करत करत ते काम त्यांच्या हातून जातं. त्यांच्याबरोबर गावाची माहितीही जाते.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये घर घेणारा आणि कर्ज देणारी बँक यांचं काम पुष्कळदा एकच सॉलिसिटर करतो. तिथं जानेवारी 2012 मध्ये एचएसबीसी बँकेनं आपलं पॅनेल एकदम 43 फर्मवर आणलं. आपला नेहमीचा सॉलिसिटर यादीत नसलेल्या ग्राहकांची पंचाईत झाली, वकीलसंस्थांनी आवाज उठवला आणि बँकेला यादी पुन्हा रुंद करावी लागली. तिथं भांडण होतं ते कोणता वकील निवडायचा यावर. आपल्याकडं त्याच्याही आधीची अडचण आहे. आपला म्हणून वकील असावा लागतो, हेच आपल्याला माहीत नसतं.

म्हणून चार गोष्टी सांगतो. इसार देण्यापूर्वी स्वतःचा वकील करा, शक्यतो त्याच तालुक्यातला. घराच्या किमतीपुढं त्याची फी किरकोळ असते. दुसरं, बँकेच्या सर्च रिपोर्टची प्रत लेखी अर्ज करून मागा. फी तुम्ही भरली आहे, मागायला संकोच नको. तिसरं, तीस वर्षांवर थांबू नका. जुने फेरफार मुळापासून काढा आणि प्रत्येक वारसनोंदीपाशी विचारा : या घरात मुली किती होत्या? अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असं महसूल संहितेचं कलम 157 सांगतं. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द विसरू नका. चौथं, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवर भागवू नका. माझ्या अम्मीनं अशी नोटीस कधीच वाचली नव्हती. गावात जा, दोन म्हाताऱ्या माणसांपाशी बसा.

बिल्डरकडून नवं घर घेत असाल, तर रेराचा आधार आहे. जमिनीच्या हक्कातल्या दोषामुळं नुकसान झालं तर बिल्डरनं भरपाई द्यायची, आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, असं त्या कायद्याचं कलम 18 सांगतं. ते 2017 पासून लागू आहे. आमच्या चिक्कीवाल्या जोडप्याला ते तेव्हा उपलब्ध नव्हतं.

ते जोडपं अजून त्याच घरात राहतं. कडेवरची मुलगी आता कॉलेजात जाण्याच्या वयाला आली आहे. आणि मला कुणी सांगितलं, की बँकेनं कर्ज मंजूर केलंय, आता काळजी नाही, तर मी अभिनंदन करतो, चहा पितो आणि निघताना अम्मीचा प्रश्न विचारतो : "मग तुमचा वकील कोण?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)