आपला अर्ज, आपल्या हाताने
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



अल्लाहच्या पहिल्याच संदेशात वाचनाचा आदेश आणि कलमाचा उल्लेख आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. आजचे कलम म्हणजे संगणकाचा कळफलक. ते आपल्या हाती आहे काय?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो की नोकरीचा, आपण दुकानात जाऊन नाव तोंडी सांगतो आणि टंकन करणारा ऐकू येईल तसे लिहितो. 'रुखसाना'ची 'रुक्साना' होते. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग दाखल्यात एक आणि अर्जात दुसरे. पुढे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे! हे टाळायचे तर वर्ड प्रोसेसिंग स्वतः शिकले पाहिजे.

पहिला धडा बोटांचा. एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात. तेथे दोन्ही तर्जन्या ठेवाव्यात आणि न पाहता लिहिण्याचा सराव करावा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट पद्धत शिकावी. तीत डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने असल्याने ती लवकर बसते.

दुसरा धडा लिपीचा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उमटतो. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीही होती आणि अरबीही. एकाच अर्जात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात. उर्दू परिच्छेदाची दिशा तेवढी उजवीकडून डावीकडे करावी.

तिसरा धडा शिस्तीचा. कागद ए-४ ठेवावा. मजकूर मध्यभागी आणण्यासाठी स्पेसबार बडवू नये, त्याची वेगळी कळ आहे. नव्या पानासाठी एंटर दाबत बसू नये, 'पेज ब्रेक' घ्यावा. दर दोन मिनिटांनी सेव्ह करावे. आपल्या नावाखाली लाल रेघ आली, तर घाबरून नाव बदलू नका! संगणकाला ते नाव ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते शब्दकोशात जोडा. शेवटी दाखल्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा आणि मगच पीडीएफ करून पाठवा.

कोणी म्हणेल, मुले मोबाईलवर भराभर लिहितातच की! दोन ओळींचा निरोप अंगठ्याने लिहिता येतो. तीन पानांचा अर्ज नव्हे. शिवाय राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते. ते अंगठ्याने मिळत नाही.

पालकांनो, खर्चाची सबब सांगू नका. लिबरऑफिस रायटर मोफत मिळते. घरी संगणक नसेल, तर शाळेच्या संगणकावर रोज अर्धा तास मिळावा, असा आग्रह धरा. आणि एक कळकळीची विनंती. मुलगा वर्गाला जातो आणि मुलगी घरी राहते, असे करू नका. अर्ज लिहिणारी मुलगी उद्या आईचा, आजीचा आणि शेजारणीचाही अर्ज लिहील. एका मुलीच्या शिक्षणाने सारी गल्ली दुसऱ्याच्या दारी जायची थांबेल.

विद्यार्थी मित्रांनो, आई-वडिलांनी तुम्हाला प्रेमाने नाव दिले. ते अचूक लिहिण्याचे काम दुसऱ्यावर सोपवू नका. आज घरी जा आणि ते मराठीत, उर्दूत व इंग्रजीत स्वतःच्या हाताने टंकित करा. तोच तुमचा पहिला धडा.

खुदा हाफिज. जय हिंद!