चष्मा, चाळिशी आणि लेझर

(आरे-वारे येथील प्रौढ साक्षरता वर्गातील भाषण)



"डोळ्यांवर लेझर केला की चष्मा कायमचा जातो म्हणतात, ते खरं काय?" असे तुमच्यापैकी काही जण विचारत होते. कुणाच्या मुलाला भरतीला जायचे आहे. कुणाच्या मुलीचे लग्न ठरवायचे आहे. कुणाला स्वतःलाच पुस्तकातली अक्षरे पुसट दिसतात. म्हणून आज याच विषयावर चार शब्द सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. नीट दिसत नाही, हे गाऱ्हाणे एक. पण त्याची कारणे अनेक. त्यांतली तीन आपल्या गावात घरोघरी आढळतात.

पहिले कारण नंबर. लहानपणी भिंगाने कागदावर उन्हाचा ठिपका तुम्ही पाडला असेल. भिंग योग्य अंतरावर धरले तरच ठिपका बारीक पडतो. नाहीतर तो पसरतो. डोळ्यातही तसेच. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याच्या मागे भिंग असते. दोघे मिळून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र पाडतात. काहींचे चित्र त्या पडद्याच्या अलीकडेच पडते. मग जवळचे दिसते, लांबचे धूसर. किनाऱ्यावरून होडी दिसते, पण तिच्यात माणसे किती ते कळत नाही.

दुसरे कारण चाळिशी. वय वाढले की आतले भिंग ताठर होते. सुई ओवता येत नाही. पुस्तक हात लांब करून धरावे लागते. हा रोग नव्हे. केस पिकतात, तशीच ही गोष्ट.

तिसरे कारण मोतीबिंदू. यात आतले भिंगच गढूळ होते. कंदिलाची काच काजळली, की वात कितीही वर करा, उजेड मंदच पडतो. तसे हे आहे.

आता लेझरकडे वळू. चष्मा घालवण्याचा जो लेझर म्हणतात, तो पहिल्या कारणासाठी. लेझर म्हणजे एका विशिष्ट प्रकारचा उजेड. मद्रासला १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करीत होते. १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेला पक्ष्याच्या मांसाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा उजेड सोडला. आजूबाजूचा भाग न जळता बारीक चीर पडली. पुढे १९८३ साली डॉ. स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर त्यांनी डोळ्याच्या पुढच्या पडद्यासाठी हीच युक्ती वापरून पाहिली. त्यातून ही शस्त्रक्रिया आली.

तो पुढचा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेझर त्यातला अगदी थोडा भाग काढून त्याला नवा आकार देतो. मग चित्र योग्य जागी पडते.

पण हे सगळ्यांना चालत नाही. वय अठराच्या पुढे हवे. नंबर वर्षभर तरी स्थिर हवा. पडदा पातळ असला, किंवा टोकाकडे निमुळता होत असला, तर डॉक्टर नको म्हणतात. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी थांबावे. म्हणून आधी पूर्ण तपासणी करतात. "तुमच्या डोळ्यांना हे योग्य नाही," असे डॉक्टरांनी सांगितले तर रागावू नका. ते तुमच्या भल्याचेच सांगतात. भरतीला जाणाऱ्याने तर शस्त्रक्रियेआधी भरतीचे नियम वाचावेत. प्रत्येक खात्याचे नियम वेगळे असतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होते? भूल थेंबांची असते. माणूस जागाच असतो. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात. थोडा दाब जाणवतो, क्षणभर अंधारून येते. समोरच्या दिव्याकडे बघत राहायचे. जळक्या केसांसारखा वास येतो, घाबरायचं नाही. लेझरचे काम बहुधा मिनिटाच्या आत आटोपते. त्याच दिवशी घरी जाता येते, पण सोबत माणूस हवा.

त्या दिवशी डोळे चुरचुरतात, पाणी येते, धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. एका पद्धतीत दुसऱ्या दिवसापासून बरेच स्पष्ट दिसते. दुसऱ्या पद्धतीत काही दिवस डोळे दुखतात आणि नजर हळूहळू निवळते. कुठल्याही पद्धतीत डोळे चोळायचे नाहीत. थेंब वेळेवर घालायचे. आपल्याकडे खारा वारा आणि उडती वाळू. बाहेर पडताना गॉगल घालावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत समुद्रात उतरू नये. वेदना वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काही महिने डोळे कोरडे वाटू शकतात. रात्री दिव्यांभोवती कडे दिसू शकते. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर रात्री रिक्षा चालवणाऱ्याने आणि रात्री होडी घेऊन जाणाऱ्याने याचा आधी विचार करावा. काहींना थोडा नंबर उरतोही.

आणि बायाबापड्यांनो, मोठी गोष्ट ही, की या लेझरने चाळिशी टळत नाही. उलट, लांबचा चष्मा काढून जवळचे वाचणारा माणूस चाळिशीनंतर लेझर करून घेईल, तर त्याला वाचायला नवा चष्मा लागेल. मोतीबिंदूही याने टळत नाही. मोतीबिंदूला वेगळी शस्त्रक्रिया असते. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. तो "पिकू दे" म्हणून वर्षानुवर्षे थांबू नये.

तेव्हा कलमे गहाण टाकण्याआधी रत्नागिरीला जाऊन डोळे तपासून घ्या. कारण कोणते, ते विचारा. या वर्गात कितीतरी जणांना वाटते, "आता वय झालं, अक्षर डोक्यात शिरत नाही." अहो, डोक्याचा दोष नाही! अक्षर डोळ्यातच नीट शिरत नाही. त्याला चाळिशीचा साधा चष्मा पुरतो. चष्मा घालण्यात कमीपणा नाही.

ज्यांना लेझर करायचाच आहे, त्यांनी खर्च कागदावर लिहून मागावा. एका डोळ्याचा की दोन्हींचा? औषधे आणि पुढच्या तपासण्या धरून की सोडून? शस्त्रक्रियेआधी संमतीपत्र पुढे येते. पूर्वी आपण अंगठा उठवून मोकळे होत होतो. आता तुम्हाला वाचता येते. ते घरी आणा, सावकाश वाचा. अडेल तो शब्द डॉक्टरांना विचारा. सगळे समजले, मनाला पटले, की मगच खाली आपली सही करा.