दुकान हलतंय, पण जातंय कुठं?



कुपवाडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाईन शॉप आहे. जागामालकाला गाळा मोकळा हवाय, म्हणून ते हलणार. ही बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या बायका पेढे आणायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "थांबा गं, ते जातंय कुठं ते विचारलंत का?" कुणीच विचारलं नव्हतं. आज मला मिळालेल्या वेळात मी तेवढंच सांगणार आहे. दुकान हलणार म्हटलं की 'गेलं एकदाचं' म्हणून गप्प बसू नका. कुठं जाणार ते विचारा, आणि नीट जागी जाणार असेल तर त्याला साथ द्या.

साथ हा शब्द ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मी शाळेत शिकवलंय. पगाराच्या दिवशी एमआयडीसीतून सुटलेला बाप घरी पोचलाच नाही, की दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या पोरीचा चेहरा कसा असतो, ते मी पाहिलंय. दारूची भलावण करायला मी आलेले नाही. मी जागेबद्दल बोलतेय.

आपल्या राज्यात वाईन शॉपचे नवे परवाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून थांबले. राज्यात अशी दुकानं १,७००च्या आसपास आहेत. मग आपल्याला नव्या वसाहतीत नवं दुकान दिसतं ते कुठून येतं? ते बहुतेक दुसरीकडून हललेलं असतं. परवाना इतका किमती आहे की तो कुणी सहजी सोडत नाही. एका गल्लीतून निघतो, दुसऱ्या गल्लीत उतरतो. आपण इकडं पेढे वाटतो तेव्हा तिकडं कुणाच्या तरी दारात नवं शटर बसत असतं.

२०१७ साल आठवा. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ला निकाल दिला, की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. २०,००० किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर पुढं २२० मीटर केलं. हेतू चांगला होता, रस्त्यावर माणसं मरू नयेत. पण १ एप्रिलपासून मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांना कुलपं लागली आणि ती सगळी आत, वस्तीत, बोळात जागा शोधू लागली. ठिकठिकाणी बायका नव्या गाळ्यापुढं ठिय्या देऊन बसल्या. जुलैमध्ये न्यायालयानं खुलासा केला की हा नियम शहराच्या हद्दीला लागू नाही. पण मधल्या काळात जे कळायचं ते कळलं. दुकान कुठून हटवायचं हे सांगणारे पुष्कळ होते. कुठं न्यायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

माझं माहेर कवठेमहांकाळकडचं. घर शाकारायला काढलं की आई चूल हलवायची. ते काम ती कुणाच्या हाती देत नसे. आधी वारा कुठून येतो ते बघायची. कडब्याची गंजी किती लांब, रांगतं पोर कुठवर जातं, धूर जायचं सवणं कुठं आहे. मग शेजारच्या काकींना हाक मारायची, "धूर तुमच्याकडं येतोय का हो?" त्यांनी हो म्हटलं की चूल दोन हात सरकायची. लिंपून वाळली की मगच विस्तव. आणि चुलीला लागून वैल, म्हणजे जोडचूल, असतोच. चूल मांडली की वैलाची जागाही धरावी लागते, नाहीतर पाय भाजतो.

वाईन शॉपचा वैल कुठला? चकण्याच्या गाड्या. ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या विकणारी टपरी. दुकान फक्त बाटली देतं, तिथं बसून प्यायची परवानगी नाही. पण माणसं बसतात ती समोरच्या कट्ट्यावर, शाळेच्या भिंतीला टेकून, बंद पडलेल्या गाळ्याच्या पायरीवर. आपल्याला जाच होतो तो या वैलाचा. अर्ज मात्र येतो नुसत्या चुलीचा, आणि कागदावर शाळा-देवळापासूनचं अंतर तेवढं मोजलं जातं. संध्याकाळी सातला त्या गाळ्यासमोरून क्लासहून येणाऱ्या मुली जातात, हे कुठल्या टेपनं मोजणार? ते गल्लीतल्या बाईलाच माहीत असतं. म्हणून म्हणते, आधी विचारा. विस्तव पेटल्यावर चूल हलवताना हात पोळतात.

आता कुणी म्हणेल, बाई, आडवी बाटली आहे की. आहेच, आणि तो हक्क बायकांनी झगडून मिळवलाय. प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्मं नव्हे हं, एकूण यादीच्या निम्मं. जी शिफ्टला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, ती आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. मार्च २०२५मध्ये विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं, की सोसायटीतल्या गाळ्यात असं दुकान काढायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. चांगलं झालं. पण कुपवाडात सोसायट्या किती आणि सुटी घरं, चाळी किती? १९९८ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली, म्हणजे आपण शहरात मोडतो. खेड्यात निदान ग्रामसभेत विषय निघतो. आपल्याकडं प्रभाग आहे, पण प्रभागाची सभा भरवून कुणी आपल्याला विचारत नाही. आडवी बाटली दुकान बंद करते. जागा निवडून देत नाही. माझा मुद्दा तिथंच आहे, आणि तो निसटू नये म्हणून परत सांगते: बंद करायचा रस्ता कायद्यात आहे, नीट जागी बसवायचा रस्ता आपणच काढायचाय.

आणि नुसतं हुसकून लावलं तर काय होतं? चूल उचलून अंगणाबाहेर टाकली म्हणून घरातली भूक जात नाही. कुणीतरी गोठ्यामागं तीन दगड मांडतो. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ती दारू परवान्याच्या दुकानातली नव्हती. उजेडातलं, बिल देणारं, वेळेवर शटर ओढणारं दुकान आणि अंधारातला कॅन, यातलं काय आपल्या प्रभागात असावं, हे ठरवताना मालवणी विसरू नका.

  

आमच्या गल्लीनं काय केलं तेवढं सांगते. आम्ही नऊजणी दुकानदाराकडं गेलो. तो आधी बिचकला, भांडायला आल्या असं वाटलं त्याला. आम्ही म्हटलं, जागा कुठली बघताय ते दाखवा. त्यानं तीन दाखवल्या. दोन वस्तीत होत्या. तिसरी मोठ्या रस्त्याला लागून, गोदामांच्या बाजूला, भाडं जास्त. तिथं तुम्ही जात असाल, दारात दिवा लावत असाल आणि गाड्या उभ्या राहू देणार नसाल, तर आमचं लेखी संमतीपत्र घ्या, असं आम्ही सांगितलं. ते अर्जाला जोडून जिल्हाधिकारी कचेरीत आणि राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडं देता येईल. वस्तीतल्या जागेला मात्र हरकतीचा अर्ज आम्हीच देणार. तो विचार करतो म्हणालाय.

सह्या गोळा करतोय. तिसऱ्या जागेच्या मागं कामगारांच्या चार खोल्या आहेत, तिथल्या बायकांना अजून विचारलेलं नाही. धूर त्यांच्याकडं जाणार. रविवारी सकाळी आम्ही तिकडं जातोय, आणि त्या नाही म्हणाल्या तर...

वेळ संपला.