मुद्दा आणि गुद्दा : इंग्रजी निबंधातील खंडनाची भाषा

सिल्वासा येथे न्यासाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण



महोत्सवी वर्षात विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही सांगावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी पडलो इंग्रजीचा शिक्षक. तेव्हा मोठ्या तत्त्वज्ञानाच्या वाटेला न जाता, परीक्षेत मुलांचे जेथे अडते अशी एकच गोष्ट मी आज निवडली आहे. दुसऱ्याचा युक्तिवाद सदोष आहे हे इंग्रजीत नीट कसे लिहावे?

हा प्रश्न आता पुष्कळ परीक्षांत येतो. काही परीक्षांत एक मत देऊन त्याचे प्रतिमत लिहावयास सांगतात. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षा देणाऱ्यास चाळीस मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो, आणि ‘या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात’ असे तेथे वारंवार विचारले जाते. ‘कितपत’ हा शब्द ध्यानात ठेवावा. होय की नाही एवढेच विचारलेले नाही. किती, कोठपर्यंत, हे विचारले आहे. आमची मुले मात्र ‘धिस इज टोटली राँग’ असे लिहून मोकळी होतात आणि पुढे दहा वेळा ‘आय थिंक’ लिहितात. मत कळते, पण त्यामागचे कारण कळत नाही. आणि गुण तर कारणाला असतात.

खंडन म्हणजे भांडण नव्हे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडावयाचे आणि मग उत्तरपक्ष करावयाचा, अशी रीत आहे. मदरशांच्या दर्स-ए-निज़ामी या जुन्या अभ्यासक्रमातही मुनाज़रा, म्हणजे वादाचे नियम, हा विषय शिकविला जाई. दोन्ही परंपरांचा पहिला धडा एकच आहे : ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे सांगा. इंग्रजीत त्यासाठी साधे वाक्य आहे, ‘दि रायटर आर्ग्यूज दॅट’, म्हणजे लेखकाचे म्हणणे असे की. येथून सुरुवात करावी.

आता दोषांकडे वळू. त्यांची इंग्रजी नावे पाठ करण्याची गरज नाही. आपल्या मायबोलीत ती म्हणींच्या रूपाने आधीच आहेत.

पहिला दोष शितावरून भाताची परीक्षा करण्याचा. एका भांड्यातला भात एकाच आचेवर शिजतो, म्हणून तेथे एक शीत दाबून पाहिले तर चालते. माणसे काही एका भांड्यात शिजत नाहीत. एका मुलाने मोबाइलवर शिकून पहिला क्रमांक मिळविला, म्हणून सर्वांनी शाळा सोडावी, असे कोणी लिहिले तर उत्तर द्यावे : ‘वन केस इज नॉट इनफ टू सपोर्ट सो जनरल अ क्लेम.’ एवढ्या व्यापक विधानाला एक उदाहरण पुरत नाही.

दुसरा दोष, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडण्याचा. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. येथे लिहावे : ‘धिस डझ नॉट प्रूव्ह दॅट वन कॉज्ड दि अदर.’

तिसरा दोष मुद्दा सोडून गुद्द्यावर येण्याचा. बोलणारा गरीब आहे, परगावचा आहे, कमी शिकलेला आहे, म्हणून त्याचे म्हणणे खोटे! त्यावर उत्तर : ‘धिस अटॅक्स दि स्पीकर, नॉट दि आर्ग्यूमेंट.’

चौथा बादरायण संबंध. कारण एकीकडे, निष्कर्ष भलतीकडे. त्यासाठी इंग्रजीतले सर्वांत उपयुक्त वाक्य आहे, ‘इट डझ नॉट फॉलो दॅट’, म्हणजे त्यावरून असे सिद्ध होत नाही की. मित्रांनो, आजच्या भाषणातले एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल तर हे न्यावे.

एक उदाहरण करून पाहू. समजा, प्रश्नपत्रिकेत उतारा आला : एका गावात वाचनालय निघाले, त्याच वर्षी दहावीचा निकाल सुधारला, म्हणून प्रत्येक गावाने वाचनालय काढावे, म्हणजे निकाल सुधारेल. आपल्या न्यासाच्या मंडळींना हा निष्कर्ष गोडच वाटेल; मलाही वाटतो. आणि फसगत होते ती येथेच. आवडता निष्कर्ष दिसला की आपण त्याची कारणे तपासत नाही. चांगले उत्तर असे होईल : ‘इट इज ट्रू दॅट दि रिझल्ट्स इम्प्रूव्ह्ड. हाउएव्हर, दि रायटर अझ्यूम्स दॅट दि लायब्ररी वॉज दि कॉज. अ न्यू टीचर ऑर अ‍ॅन ईझिअर पेपर माइट एक्सप्लेन दि चेंज इक्वली वेल.’ निकाल सुधारला हे खरे. पण वाचनालयामुळेच सुधारला हे लेखकाने गृहीत धरले. नवा शिक्षक आला असेल, किंवा प्रश्नपत्रिका सोपी असेल. शेवटी जोडावे : ‘दि कन्क्लूजन मे बी ट्रू, बट दि रीझन्स गिव्हन डू नॉट प्रूव्ह इट.’ निष्कर्ष कदाचित खरा असेल, पण दिलेल्या कारणांनी तो सिद्ध होत नाही.

या उत्तरात ‘मे’ आणि ‘माइट’ असे दोन लहान शब्द आले. मुलांना वाटते की ते दुबळेपणाचे लक्षण आहे. वस्तुतः ती मोजपट्टी आहे. जेवढे सिद्ध करता येते तेवढेच म्हणावयाचे, हा त्यांचा अर्थ.

हे सारे परीक्षेपुरते आहे असे कोणास वाटेल. म्हणून आता आपल्याच भूमीचा दाखला देतो. दादरा आणि नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पण त्यानंतर या भूमीसंबंधाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मोठा वाद झाला, तो मात्र थोड्यांना ठाऊक असतो. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने भारताविरुद्ध अर्ज केला. दमण ते येथपर्यंतच्या भारतीय मुलखातून जाण्या-येण्याचा आम्हांस हक्क आहे, आणि त्यात सशस्त्र सैन्यही आले, असे त्यांचे म्हणणे होते. भारताची बाजू अ‍ॅटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड यांनी मांडली. न्यायासनावर भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे मोहम्मद करीम छागला बसले होते. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

न्यायालयाने एकेक मुद्दा कसा वेगळा केला ते पाहा. पोर्तुगालने १७७९ चा मराठ्यांशी झालेला तह पुढे केला. न्यायालय म्हणाले, तह मराठ्यांनी स्वतः बंधनकारक मानला होता. पण त्याने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे महसुलासाठी दिली, सार्वभौमत्व दिले नाही. महसूल मिळाला, त्यावरून राज्य मिळाले असे सिद्ध होत नाही. हेच आपले ‘इट डझ नॉट फॉलो दॅट’.

पुढे भारताचा एक आक्षेप होता की दोनच राष्ट्रांमध्ये स्थानिक रूढी निर्माण होऊ शकत नाही. तो न्यायालयाने नाकारला. सव्वाशे वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल निर्वेध ये-जा करीत होते; तेवढा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. हे ‘इट इज ट्रू दॅट’.

परंतु सैनिक, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांचे काय? ते ब्रिटिश अमलात परवानगीशिवाय जात नसत. १८७८ च्या तहातही तशी अट होती. परवानगी मागावी लागत होती, त्याअर्थी हक्क नव्हता. हा मुद्दा भारताच्या बाजूने लागला, आणि तो आठ विरुद्ध सात, म्हणजे केवळ एका मताने! आणि १९५४ मधील तणाव पाहता भारताने वाट अडविली त्यात कर्तव्यभंग झाला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

यातून बोध कोणता? कसलाच हक्क नाही, हे सरसकट म्हणणे टिकले नाही. ‘व्यापारी जात होते हे खरे, पण त्यावरून सैन्य जाऊ शकते असे होत नाही,’ हे मोजके म्हणणे टिकले. जो आक्षेप सबंध झाड तोडू पाहतो तो बोथट होतो. कीड लागलेली नेमकी फांदी जो दाखवितो तो निभावतो. वकिलांना जे लागू, ते दहावीच्या मुलासही लागू.

एक सूचना मात्र अवश्य. ही वाक्ये मंत्र नव्हेत. पाठ केलेले वाक्य परीक्षकास लगेच ओळखू येते. आधी मायबोलीत स्वतःस विचारावे : याने काय सांगितले? त्यातले खरे किती? साखळीची कोणती कडी तुटली आहे? ती सापडली की इंग्रजी वाक्य आपोआप हाती येते. कडी सापडली नसेल तर कितीही भारी इंग्रजी लिहिले तरी ते पोकळच.

पालक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी इंग्रजी शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे. तुम्हांस इंग्रजी येत नसेल तरी मुलाला हे शिकविता येईल. मोबाइलवर काही बातमी आली, बाजारात कोणी काही बोलले, तर जेवताना त्यास विचारा, ‘हे कशावरून?’ आणि तो तुमचे म्हणणे सभ्यपणे, कारण देऊन खोडू लागला, तर उद्धट म्हणून गप्प बसवू नका. घरी ज्यास ‘पण अब्बा’, ‘पण बाबा’ म्हणता येत नाही, त्याला परीक्षेत ‘हाउएव्हर’ लिहिता येत नाही. आणि उद्या कचेरीत, बँकेत, कारखान्यात कोणी चुकीच्या कारणाने त्याचा अर्ज फेटाळला, तर ‘हे कारण येथे लागू होत नाही’ असे शांतपणे लिहून देण्याचे बळ त्याला येथूनच मिळावयाचे आहे.

न्यासाने शिष्यवृत्त्यांबरोबर महिन्यातून एक संध्याकाळ अशा वादसभेला द्यावी, एवढी माझी सूचना आहे.