टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर? बाबांच्या खुर्चीची गोष्ट

(ऑडिओ भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर कोल्हापूरहून एका श्रोत्यांचा निरोप आला. त्यांचा हॉल दहा बाय चौदाचा. सोफा आणि समोरची भिंत यांत अकरा फूट अंतर. बजेट चाळीस हजार. घरात आईवडील, बायको, दोन पोरं. प्रश्न असा की, "पंचावन्न इंची टीव्ही घेऊ, की त्याच पैशात शंभर इंची चित्र देणारा प्रोजेक्टर घेऊ? पोरं प्रोजेक्टरच्या मागे लागलीत."

आता याचं उत्तर मी दोन वाक्यांत देऊ शकलो असतो. पण हाच घोळ मी स्वतः घालून बसलोय, आणि तोही माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. त्यामुळे आज जरा ऐसपैस बोलतो.

आईबाबा साताऱ्याला असतात. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलला पूर्वेची मोठी खिडकी. तिथे बत्तीस इंची टीव्ही होता, बरीच वर्षं. गेल्या मे महिन्यात मी गेलो होतो तेव्हा आयपीएल चालू होती. बाबा सोफ्यावर, आणि डोळे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. मी आवाज कमी करायला रिमोट उचलला तर म्हणाले, "असू दे रे, ऐकतोय."

ज्या माणसाने मला फील्डिंगच्या जागा टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून शिकवल्या, तो मॅच ऐकत होता! मग आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. दोन-तीन महिन्यांपासून ते सारखे विचारतात, किती झाले? किती ओव्हर राहिल्या? खाली पट्टीवर लिहिलेलं असतं, तरी विचारतात. आणि बघताना मान जराशी डावीकडे वळवून बघतात.

डॉक्टरांकडे गेलो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजतोय, असं निघालं. मॅक्युलर डिजनरेशन. त्यातला कोरडा प्रकार. म्हणजे कडेचं दिसतं, पण नेमकं जिथे नजर लावावी तिथे धूसर होतं. म्हणून ती वळवलेली मान. गेलेली नजर परत आणणारं औषध यावर नाही. आहे ती जपायची, तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि रोजचं जगणं सोपं करायचं.

आता मी पडलो टेक्निकल माणूस. माझ्या डोक्यात लगेच समीकरण तयार झालं: दिसत नाही, मग मोठं करा. शंभर इंच करा! त्याच रात्री ऑनलाइन प्रोजेक्टर मागवला. चौदा हजार रुपये. खोक्यावर लिहिलेलं "९,००० ल्युमेन" आणि "फोर-के सपोर्टेड". कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशी खोकी डझनभर नावांनी मिळतात.

थांबा, इथे दोन गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. "फोर-के सपोर्टेड" याचा अर्थ एवढाच, की तुम्ही फोर-के सिग्नल दिलात तर यंत्र तो घेईल. भिंतीवर पडणारं चित्र आतल्या पॅनेलच्या मापाचंच असतं. माझ्यात ते ७२०पी निघालं. विचारायचा शब्द "नेटिव्ह रेझोल्यूशन". आणि नुसते ल्युमेन वाचू नका, "अँसी ल्युमेन" शोधा. पडद्यावरच्या नऊ जागी उजेड मोजून, त्याची सरासरी काढून तो आकडा येतो. माझ्या खोक्यावर तो आत, माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात होता. २५०. नऊ हजार कुठे आणि अडीचशे कुठे!

पण तो आकडा मी नंतर वाचला. आधी साताऱ्यात यंत्र छताला लावलं, बत्तीस इंची टीव्ही काढून शेजारच्यांना देऊन टाकला (ही दुसरी चूक), आणि रात्री दिवे घालवून शंभर इंची चित्र भिंतीवर पाडलं. आई "अगं बाई" म्हणाली. बाबा म्हणाले, "थेटर झालं की रे." मी खुशीत पुण्याला परत.

तीन आठवड्यांनी आईला फोनवर विचारलं, बाबा मॅच बघतात ना? ती जरा थांबून म्हणाली, "लावतात."

शनिवारी गेलो. सकाळी दहाची वेळ, पडदे ओढलेले, तरी भिंतीवरचं चित्र धुतलेल्या साडीसारखं फिक्कं. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की तीच गत. मग बंद करा ना ट्यूब? पण आई त्याच वेळी तिथे बसून भाजी निवडते. जेवणं तिथेच होतात. कोणी आलं-गेलं की दार तिथेच उघडतं. आणि ज्या माणसाला नीट दिसत नाही, त्याला अंधाऱ्या खोलीत उठून पाणी प्यायला जायला लावायचं? एकदा टीपॉयला पाय अडखळून पडता पडता राहिले, हे मला तेव्हा कळलं. मला वाईट वाटेल म्हणून दोघंही बोलली नव्हती. बाबा आता मॅच शंभर इंचांवर लावून ऐकत होते.

मोबाइलमध्ये लक्स मोजायचं ॲप असतं. अगदी काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. मोबाइल भिंतीला चिकटवून, स्क्रीन खोलीकडे ठेवून मोजलं. रात्री ट्यूब चालू: ९० लक्स. सकाळी पडदा उघडा: १८०.

आता हा हिशोब ऐका, प्रोजेक्टरचं सगळं प्रकरण यात आहे. शंभर इंची चित्र म्हणजे साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ उंच. पावणेतीन चौरस मीटर. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्युमेन. म्हणजे माझे २५० ल्युमेन एवढ्या जागेवर पसरले की हाती येतात ९० लक्स. जेवढा ट्यूबचा उजेड भिंतीवर, तेवढाच प्रोजेक्टरचा!

आणि प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. दिवा उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रात जिथे काळं आहे, तिथे फक्त प्रोजेक्टरचा उजेड पडत नाही. तिथे तुम्हाला दिसते ती तुमची भिंत, जशी आहे तशी. तर ट्यूब चालू असताना माझ्या भिंतीवरचं सगळ्यात पांढरं म्हणजे १८०, आणि सगळ्यात काळं म्हणजे ९०. फक्त दुप्पट फरक. सकाळी तर २७० आणि १८०. दीडपट. टीव्हीची काच बंद असतानाही काळी असते, म्हणून दिवसाउजेडी तिच्यातलं काळं बऱ्यापैकी काळंच राहतं.

डॉक्टरांना पुढच्या तपासणीला हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "यांना मोठं हवंच आहे, पण त्याहून जास्त हवं ठळक. पांढऱ्यावर काळं, काळ्यावर पांढरं. फिक्कं झालं की यांच्यासाठी ते पुसलंच गेलं." आणि जाता जाता म्हणाले, "टीव्हीच्या जवळ का नाही बसत?"

जवळ! मंडळी, आमच्या घरात लहानपणी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कुठलं असेल तर, "मागे सरक, डोळे जातील." तुमच्याकडेही असेल. जवळून टीव्ही पाहिल्याने डोळा थकू शकतो, पण नजर जात नाही. (या भीतीला एक जुना आधार आहे. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडतात असं आढळलं होतं. ते काचेच्या नळीचे संच होते. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ साली, आणि आजच्या चपट्या पॅनेलमध्ये ती नळीच नाही. संच गेले, भीती मात्र घरोघर राहिली.)

मी गाडीत बसून मोबाइलवर भागाकार केला. शंभर इंची चित्र दहा फुटांवरून बघा, किंवा पंचावन्न इंची साडेपाच फुटांवरून बघा. डोळ्याला दोन्ही तेवढीच मोठी दिसतात! इंच भागिले फूट, दोन्हीकडे उत्तर दहा. बाबांचा जुना टीव्ही? बत्तीस भागिले दहा, तीनच्या आसपास. तिप्पट मोठं चित्र मला प्रोजेक्टरशिवायही मिळणार होतं. फक्त खुर्ची सरकवायला हवी होती.

दसऱ्याला पंचावन्न इंची साधा एलईडी टीव्ही आणला, अडतीस हजारांना. ओएलईडीच्या मोहात पडलो नाही, त्या पैशात तो बसतही नाही. बसवायला आलेला मुलगा तो भिंतीवर वर, देवाच्या तसबिरीच्या उंचीवर टांगणार होता. आपल्याकडे हे का करतात मला कळत नाही. बसल्यावर डोळे येतात साडेतीन फुटांवर, टीव्हीचा मध्य त्याच्या आसपास हवा. मी तो खाली घ्यायला लावला.

पण खरी अडचण पुढेच होती. बाबा खुर्ची पुढे घ्यायला तयार नाहीत. "पोरांसारखं टीव्हीला नाक लावून बसू? कोणी आलं तर काय म्हणेल?" दोन दिवस खुर्ची मी पुढे ठेवायची आणि त्यांनी मागे न्यायची, असं चाललं. मी चिडून एकदा बोललोही, "बाबा, कोण येतंय बघायला?" ते काही बोलले नाहीत. ते मला बोलायला नको होतं. नजर कमी होणं त्यांनी मान्य केलं होतं, पण सगळ्यांसमोर दिसेल असं वागणं नाही.

तोडगा आईने काढला. तिने त्यांची वेताची खुर्ची खिडकीपाशी, टीव्हीपासून साडेपाच फुटांवर, जराशी कलती ठेवली. शेजारी छोटं स्टूल, त्यावर चहा आणि रेडिओ. आणि म्हणाली, "इथे सकाळचं ऊन चांगलं येतं, इथे बसत जा." झालं. आता ती जागा उन्हाची आहे, टीव्हीची नाही. खिडकी बाजूला असल्याने काचेवर झळाळीही येत नाही. आई मागे सोफ्यावर भाजी निवडते, तिला मधून सगळं दिसतं.

परवा फोन केला तर मी विचारायच्या आत म्हणाले, "चार बाद एकशे बारा. अरे, स्लिपच काढली त्याने!" स्लिप काढलेली त्यांना दिसली होती.

असो. कोल्हापूरच्या दादा, तुमचं उत्तर: टीव्ही घ्या. कारण तुमच्याकडे हॉल एकच आणि माणसं सहा, म्हणजे दिवा कधी घालवायचा यावर रोज भांडण. चाळीस हजारांत चांगला टीव्ही मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झालाय, प्रोजेक्टरचाही झालाय. स्वस्त प्रोजेक्टरला वेगळा स्पीकर लागतो, पंख्याचा आवाज येतो, आपल्याकडच्या धुळीने चित्रात डाग येतात, आणि बऱ्याच यंत्रांवर नेटफ्लिक्स सरळ चालत नाही. यंत्र तिरकं लावून कीस्टोनने चौकोन सरळ केलात तर आधीच कमी असलेले पिक्सेल आणखी वाया जातात. भिंतीलगत ठेवायचे लेझर प्रोजेक्टर आणि त्यांचे खास पडदे उजेडात बरे दिसतात, पण ते लाखाच्या पुढचं काम.

ज्यांच्याकडे वेगळी खोली आहे, ती काळोखी करता येते, आणि आठवड्याला दोन सिनेमे निवांत बघायचेत, त्यांनी प्रोजेक्टर जरूर घ्यावा. हजार अँसी ल्युमेन, नेटिव्ह १०८०पी, आणि पूर्ण अंधार. एवढ्यात शंभर इंची चित्र थिएटरहून उजळ दिसेल. त्या मजेला टीव्ही पोचत नाही, हे मी कबूल करतो.

माझ्या २५० ल्युमेनवाल्याचं काय झालं? परत घेतला नाही त्यांनी, मुदत संपली होती. पण कोजागरीला तो साताऱ्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेला. दोरीवर पांढरी चादर, आणि सोसायटीतल्या काकूंच्या आग्रहावरून 'पिंजरा'. कोणीतरी म्हणालं, एवढं चांदणं आहे, दिसणार कसं? मी मोबाइल धरला. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असूनही अर्धा लक्ससुद्धा येत नाही. गच्चीचा दिवा घालवला आणि काय रंग उठले! मसाला दूध राहिलं बाजूला.

बाबांनी स्वतःची खुर्ची उचलून अगदी पुढे, चादरीपासून सहा-सात फुटांवर ठेवली. मागून पोरं ओरडली, "आजोबा, डोकं!" तशी ती खुर्ची त्यांनी थोडी डावीकडे घेतली. मागे नाही.

तुमच्या हॉलमध्ये रात्री दिवे लावून भिंतीवर किती लक्स येतात ते मोजा आणि मला कळवा. पुढच्या भागात आवाजाबद्दल बोलू, कारण चपट्या टीव्हीत संवाद ऐकू येत नाहीत ही आईची तक्रार अजून मिटलेली नाही. भेटूया.