सही करण्याआधी चालवून बघा

गेल्या वर्षी आमच्या गटाने कर्ज काढून मसाल्याच्या शेडवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ठेकेदार म्हणाला, "ताई, काम झालं, सही करा." आम्ही म्हटलं, आधी आठ दिवस चालवून बघू.

१ किलोवॅटचं सोलर स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. म्हणजे आम्हाला १२ मिळायला हवे होते. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहिला. तो ८ च्या वर जाईना. वर चढून पाहिलं, तर दुपारपासून पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर पडत होती. पॅनेल एकाला एक जोडलेली असतात, त्यामुळे एकावरच्या सावलीने सगळ्या ओळीची वीज उतरते. टाकी हलवून घेतली, आकडा ११ वर आला. मगच सही केली, शेवटचा हप्ता दिला.

मोठ्या इमारतींना 'लीड' हे हरित प्रमाणपत्र हवं असेल, तर अशी तपासणी सक्तीची असते. तिला कमिशनिंग म्हणतात. यंत्रं नुसती बसवून भागत नाही, ठरल्याप्रमाणे चालतात हे दाखवावं लागतं.

आपल्या शेडला प्रमाणपत्र नको असेल, पण कर्ज आपणच फेडतो ना? मग आधी वही, नंतर सही.